पाऊल सगळ्यांचं एक, नाच ज्याचा त्याचा

भरतनाट्यमच्या वर्गाला नव्याने जाऊ लागलेली मुलगी चार-सहा महिन्यांनी घरी येऊन म्हणते, "आई, मला तिच्यासारखं जमत नाही." 'ती' म्हणजे पुढच्या रांगेतली एखादी ताई, नाहीतर मोबाईलवर पाहिलेली नर्तकी. आईही नकळत तीच फूटपट्टी लावते. पुष्कळ मुलींचा नाच इथेच सुटतो.

बालसरस्वती आणि रुक्मिणीदेवी अरुंडेल एकाच काळातल्या. बालसरस्वतींनी १९२५ मध्ये, वयाच्या सातव्या वर्षी, पहिला कार्यक्रम केला. अभिनय हा त्यांच्या नृत्याचा प्राण. रुक्मिणीदेवी १९३५ मध्ये प्रथम रंगमंचावर आल्या तेव्हा त्यांनी तिशी ओलांडली होती. त्यांचा भर रेखीवपणावर. एकीने दुसरीची नक्कल केली असती तर आपण दोघींनाही मुकलो असतो.

आपल्या दुभाषी घरांना जवळची गोष्ट म्हणजे, या नृत्याची घडी बसवणारे चार भाऊ तंजावरच्या मराठा राजांच्या, सरफोजींच्या पदरी होते. त्यांतले चिन्नय्या पुढे म्हैसूर दरबारी गेले. मूळ तेच, पण म्हैसूरचा नाच अभिनयासाठी वेगळा ओळखला जाऊ लागला.

मग नवशिक्या मुलीने काय करावं? सुरुवातीची वर्षं अडवू सगळ्यांसारखेच, गुरू सांगतील तसेच घोटावेत. गुडघे बाहेर वळवून अरमंडीत नीट बसता येत नाही, तोवर 'माझी शैली' हे चुकीला दिलेलं गोड नाव ठरतं. पण तोच अडवू उंच मुलीच्या हातांत लांबतो, ठेंगणीच्या पायांत चपळ होतो. हे दोष नव्हेत, पुढच्या शैलीचं बी आहे.

अभिनयाची शिकवणी तर घरातच आहे. यशोदा कृष्णाला बोलावते, हा प्रसंग घ्या. आपल्याकडे आई "ये रे" म्हणते, आजी "बा इल्ली" म्हणते. दोघींची मान वेगळी झुकते, हात वेगळा हलतो. मुलीने ते निरखावं आणि गुरूंनी शिकवलेल्या मुद्रेत आपल्या घरची यशोदा आणावी. ती मोबाईलवर सापडणार नाही.

आयांनो, वर्गातून आल्यावर "ती कशी नाचली?" असं विचारू नका. "आज तुला काय सापडलं?" असं विचारा.