तीन वर्षांचे दप्तर, जन्मभराचा आजार

आपल्या उपचारांच्या कागदपत्रांची प्रत मिळणे हा रुग्णाचा हक्क आहे, याविषयी कायद्याच्या पातळीवर आता फारसा वाद उरलेला नाही. गोपनीयतेची सबब खुद्द रुग्णालाच सांगता येणार नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने 1996 मध्येच स्पष्ट केले. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या आचारसंहितेने पुढचे पाऊल टाकले: रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागणी केल्यास 72 तासांत कागदपत्रे द्यावीत, नाकारणे हे व्यावसायिक गैरवर्तन ठरेल.

मात्र त्याच आचारसंहितेनुसार आंतररुग्णाची कागदपत्रे उपचार सुरू झाल्यापासून केवळ तीन वर्षे जपण्याचे बंधन आहे. म्हणजे चौथ्या वर्षी हक्क शाबूत, कागद मात्र रद्दीत! राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट 2023 मध्ये नवे विनियम आणले. त्यांत ही तीन वर्षे रुग्णाच्या शेवटच्या भेटीपासून मोजायची होती. पण ते विनियम त्याच महिन्यात स्थगित झाले आणि जुनी संहिता पुन्हा लागू झाली.

तीन वर्षांची ही मुदत किती अपुरी आहे, याचे उत्तर भोपाळमध्ये मिळते. 2 डिसेंबर 1984 च्या रात्री वायुगळती झाली, तेव्हा शहरातील रुग्णालयांत माणसांना जागा नव्हती, तेथे नोंदी कोण नीट ठेवणार? परंतु पुढे भरपाईची वेळ आली तेव्हा इजेची प्रतवारी कागदांवरूनच झाली. मान्य झालेल्या दाव्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक 'तात्पुरती इजा' या वर्गात गेले आणि त्यांतील बहुतेकांची मूळ भरपाई 25 हजार रुपये ठरली. ज्यांची फुप्फुसे वर्षानुवर्षे झिजत राहिली, त्यांनी आपला आजार तात्पुरता नव्हता हे सिद्ध करायचे कशाच्या आधारे? कंपनी सरकारच्या काळातील महसुली दप्तरे आजही अभिलेखागारात बसून वाचता येतात. त्या डिसेंबरमधला केसपेपर मिळवणे त्याहून कठीण आहे. शेतसारा कोणाकडून किती येणे आहे, याचा विसर कोणत्याही राज्यकर्त्याला परवडत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने 9 ऑगस्ट 2012 रोजी वायुपीडितांच्या वैद्यकीय माहितीचे संगणकीकरण करून प्रत्येकाला आरोग्यपुस्तिका आणि स्मार्ट कार्ड देण्याचा आदेश दिला व देखरेख जबलपूरच्या उच्च न्यायालयाकडे सोपवली. त्यानंतर बारा वर्षे उलटली तरी तेथे जुन्या कागदांच्या संगणकीकरणाची संथ गती हाच वादाचा विषय होता.

सप्टेंबर 2021 पासून देशभर राबवल्या जाणाऱ्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनकडे आता बोट दाखवले जाते. चौदा अंकी 'आभा' क्रमांकामुळे रुग्णाच्या संमतीने नोंदी जोडता येतात, हे स्वागतार्हच आहे. मात्र हा क्रमांक नोंदी जोडतो, निर्माण करत नाही. ज्या जिल्हा रुग्णालयातील 2005 सालची फाईल तळघरात ओली होऊन गेली, तिला कोणता क्रमांक देणार?

म्हणून कायद्यात एक साधी दुरुस्ती हवी: कागदपत्रे नष्ट करण्यापूर्वी रुग्णाला कळवणे आणि मूळ फाईल नेण्याची संधी देणे बंधनकारक करावे. टपालाचा किंवा मोबाईल संदेशाचा खर्च रुग्णालयांना जड जाणार नाही. तूर्त ज्यांना जुनी कागदपत्रे हवी आहेत, त्यांनी तोंडी चौकशीवर थांबू नये. डिस्चार्ज कार्डावरील नोंदणी क्रमांक आणि दाखल झाल्याची तारीख लिहून वैद्यकीय अभिलेख विभागाकडे अर्ज द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. सरकारी रुग्णालयाने दाद दिली नाही, तर माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो. खासगी डॉक्टरांविरुद्ध राज्य वैद्यक परिषदेकडे तक्रार करता येते. कागद नष्ट झाला असे उत्तर आले, तर तो केव्हा आणि कोणाच्या आदेशाने नष्ट झाला, हेही लेखी मागावे.