डिजिटल पियानो निवडताना

गाणे लिहिणे आणि त्याला चाल लावणे यांत बरेच अंतर आहे. शब्द वहीत उतरतात. चाल मात्र हवेत असते आणि ती धरून ठेवायला हाताशी एखादे वाद्य लागते. आपल्याकडे हे काम पिढ्यान्‌पिढ्या पेटीने केले. अलीकडे तरुणांचा ओढा डिजिटल पियानोकडे दिसतो. हे वाद्य घ्यावे का आणि घेतल्यास कसे पारखावे, हा प्रश्न माझ्यापुरता नुसत्या हौसेचा नाही. 'कमवा आणि शिका' योजनेतील माझी शिल्लक आणि आईच्या बचत गटाचे कर्ज मिळून ही खरेदी व्हायची आहे. वाद्याच्या दुकानाची पायरी आमच्या घरात पूर्वी कोणी चढलेले नाही. म्हणून वाचून, विचारून आणि दुकानांत वाजवून जे कळले, ते माझ्यासारख्या इतरांसाठी येथे मांडतो.

प्रथम वाद्याची जात समजून घेऊ. इटलीतील बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी याने १७०० च्या सुमारास पियानो घडवला. त्यात पट्टी दाबली की हातोडी तारेवर आपटते. हलके दाबल्यास स्वर नाजूक, जोराने दाबल्यास मोठा. डिजिटल पियानोत तारा नसतात. बहुतेक वाद्यांत खऱ्या पियानोचे ध्वनिमुद्रित स्वर साठवलेले असतात. पट्टी किती वेगाने खाली गेली हे यंत्र मोजते आणि त्या मानाने स्वर ऐकवते.

आमच्या आळीतील भजनी मंडळात पेटी वाजवणाऱ्या आबांना हे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "बाळ, ह्याला भाता नाही, मग हा श्वास कुठून घेतो?" यात थट्टा असली तरी मर्मही आहे. भात्यात हवा आहे तोवर पेटीचा स्वर टिकतो. पियानोचा स्वर उमटल्या क्षणापासून विरू लागतो. म्हणून अभंगाची लांब ओळ पेटीवर शोभते. मींड तर दोन्हींवर निघत नाही. अशाच आक्षेपांवरून १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीने पेटीला दूर ठेवले होते. परंतु पेटीवाल्याचा एक हात भात्यात अडकतो. पियानोवर डाव्या हाताने स्वरसंगती धरून उजव्या हाताने चाल शोधता येते. नवी गाणी रचणाऱ्याला हा लाभ लहान नव्हे.

आता निवडीकडे वळू. पूर्ण पियानोला ८८ पट्ट्या असतात, ५२ पांढऱ्या आणि ३६ काळ्या. ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड स्वस्त आणि हलका असतो, आणि चाली बांधण्यापुरता तो पुष्कळांना पुरतोही. मात्र त्याच्या पट्ट्या बहुधा पिसासारख्या हलक्या असतात. पियानोचा हात बसवायचा असेल तर हातोडीसारखा भार दिलेल्या पट्ट्याच हव्यात. त्या खर्जाकडे जड आणि तारसप्तकाकडे हलक्या लागतात. दुकानात डोळे मिटून एकच पट्टी दहा वेळा कमीजास्त जोराने दाबावी. प्रत्येक वेळी फरक ऐकू आला पाहिजे.

दुसरी गोष्ट, एका वेळी किती स्वर वाजू शकतात. पायाचे पेडल दाबून धरले की जुने स्वर रेंगाळतात आणि नवे त्यांत मिसळतात. क्षमता कमी असेल तर आधीचे स्वर मध्येच तुटतात. ६४ स्वरांवर साधी साथ निभावते. १२८ असल्यास चिंता नाही.

तिसरी गोष्ट गायकाची. कोणी काळी दोनमध्ये गातो, कोणी पांढरी चारमध्ये. स्वर बदलण्याची सोय असली की बोटे तीच ठेवून षड्ज हलवता येतो. साथीला पेटी असेल तर तिच्याशी बारीक सूर जुळवण्याची सोयही पाहावी. पेटीचा सूर आपल्यासाठी हलत नाही.

छोट्या कार्यक्रमांसाठी आणखी तीन प्रश्न विचारावेत. वजन किती? दहा-बारा किलोंचे वाद्य एकट्याने रिक्षात चढवता येते. ध्वनिक्षेपकाला जोडण्यासाठी वेगळी जोडणी आहे का? आतले स्पीकर खोलीपुरते असतात. केवळ हेडफोनच्या भोकातून आवाज घेतला तर ते स्पीकर बहुधा बंद होतात आणि वाजवणाऱ्यालाच स्वतःचे वादन नीट ऐकू येत नाही. वीज गेली तर काय? बहुतेक वाद्ये अडॅप्टरवरच चालतात. काही थोडी, उदाहरणार्थ २०१९ साली आलेले कॅसिओचे पीएक्स-एस १०००, सहा पेन्सिल सेलवरही चालतात. वस्तीच्या चौकात पथनाट्य करणाऱ्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको.

जुने वाद्य घेणे कमीपणाचे नाही. मात्र सर्व ८८ पट्ट्या एकेक करून आधी हलक्या आणि मग जोराने दाबाव्यात, पेडल तपासावे, तारा हलवून खरखर येते का ते ऐकावे. स्टँड, पेडल आणि पिशवी यांचा खर्च आधीच हिशेबात धरावा.

मी भाराच्या ८८ पट्ट्यांचे, हलके, सेलवर चालणारे आणि ध्वनिक्षेपकाची जोडणी असलेले जुने वाद्य शोधायचे ठरवले आहे. नव्याचा हट्ट सोडला तर बचत गटाचा हप्ता आईच्या शिलाईवर न पडता माझ्या शिकवण्यांतून भागतो, आणि ही अट मला स्वरांच्या संख्येपेक्षा मोठी वाटते. ज्यांना एवढेही शक्य नाही त्यांनी थांबून राहू नये. भजनी मंडळाची पेटी दुपारी रिकामी असते. विचारल्यास आबांसारखी माणसे नाही म्हणत नाहीत.