ग्लास फुटला, फोडला की माझ्याकडून फुटला?

आजचा एपिसोड सुरू होतो माझ्या एका चुकीपासून. नोकरीच्या पहिल्या वर्षी टेस्टिंगचं समजून मी खऱ्या डेटाबेसमधलं एक टेबल उडवलं. रिपोर्टमध्ये लिहिलं, 'टेबल वॉज डिलीटेड'. सिनियरने एकच प्रश्न विचारला: "कोणी?"

त्या पॅसिव्ह व्हॉइसमागे मी लपलो होतो. व्हॉइस म्हणजे क्रियापदाचं असं रूप, जे ठरवतं की वाक्यात पुढे कोण उभं राहणार: करणारा, की ज्याला ते सोसावं लागलं तो.

शाळेत आपण 'कर्मणी म्हणजे पॅसिव्ह' असं पाठ करतो. पण तसं नाहीये. 'मी आंबा खाल्ला', 'मी पोळी खाल्ली': क्रियापद कर्माप्रमाणे बदललं, म्हणून प्रयोग कर्मणी. पण 'मी' तर समोरच उभा आहे! खरं पॅसिव्ह म्हणजे 'आंबा खाल्ला गेला'.

आता गंमत बघा. 'मी ग्लास फोडला': दोष माझा. 'ग्लास फोडला गेला': कोणीतरी फोडला, नाव नाही. 'ग्लास फुटला': जणू तिथे कोणी नव्हतंच. आणि 'माझ्याकडून ग्लास फुटला': हात माझा, पण मुद्दाम नाही. इंग्रजी पॅसिव्हला 'बाय मी' जोडलं, तरी हे 'मुद्दाम नाही' त्यात येत नाही.

जपानीत तर 'पाऊस पडणे' याचंही पॅसिव्ह होतं. 'आमे नि फुरारेता' म्हणजे पाऊस पडला आणि माझी वाट लागली. त्रास झाला, हे क्रियापदाच्या रूपातूनच कळतं.

संस्कृत विचारतं, फळ कोणाला? 'यजति', परस्मैपद: पुरोहित दुसऱ्यासाठी यज्ञ करतो. 'यजते', आत्मनेपद: स्वतःसाठी. त्याच आत्मनेपदी धातुरूपातून आलेला शब्द आपण आजही वापरतो: यजमान!

म्हणजे चूक कोणाची, त्रास कोणाला, फायदा कोणाचा, हे सगळं एका क्रियापदात मावतं.

मी रिपोर्ट बदलला: 'टेबल मी डिलीट केलं.' मनात 'माझ्याकडून झालं' होतं, आणि तेही खोटं नव्हतं. पण 'मी' लिहिल्यावरच पुढचा प्रश्न आला: तुला ते करता आलंच कसं? उत्तर लगेच सापडलं. दोन्ही डेटाबेसचा पासवर्ड एकच होता.

तुमच्याकडून अलीकडे काय 'झालं'? व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!