बिर्याणीतले दगडफूल आणि राजूर घाटातला खडक

बिर्याणीच्या मसाल्यात आपण जे करडे, सुरकुतलेले दगडफूल टाकतो, ते फूल नाही आणि बहुतेक वेळा दगडावरचेही नसते. हिमालयाच्या उतारांवर झाडांच्या सालीवरून ते गोळा करतात. त्याची भावंडे आपल्या राजूर घाटातल्या काळ्या खडकावरही आहेत, हे मात्र मी कित्येक वर्षे विद्यार्थ्यांना दाखवलेच नव्हते.

आता फेब्रुवारीतल्या रविवारी फजरनंतर आम्ही निघतो. आठवी-नववीची दहा-बारा मुले, दोन-तीन पालक आणि घरून मागून आणलेले चार मोबाइल. बुलढाणा उंचावर असल्याने सकाळी कान गार पडतात. बर्फ मात्र आपल्याकडे फ्रीजमध्येच. पण पानगळीने खोडे उघडी झालेली असतात आणि ऊन तिरपे येते. बारीक वस्तूच्या फोटोला असेच ऊन हवे. दुपारी सगळे सपाट दिसते.

अळंबीचा हंगाम पावसाळा. या दिवसांत उरतात त्या मेलेल्या लाकडाला चिकटलेल्या, कानासारख्या कडक बुरशा. जंगलातली कोणतीही छत्री तोंडात घालायची नाही, एवढे बजावून आम्ही खडकाकडे वळतो.

त्यावरचे राखाडी, पिवळट डाग म्हणजे लायकेन. त्यात बुरशी आणि शेवाळ एकत्र नांदतात. बुरशी आसरा देते, ओल धरते. शेवाळ उन्हातून अन्न तयार करते. स्वित्झर्लंडच्या सायमन श्वेंडेनर यांनी १८६७ मध्ये हे मांडले, तेव्हा अनेक जाणकारांना ते पटले नव्हते. मुलांना पटवायला मी बाटलीतले पाणी शिंपडतो. कोरडा राखाडी डाग बघता बघता हिरवट होतो, कारण वरचा थर भिजला की त्यातून आतले शेवाळ दिसते. आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो काढायचे. "सुब्हानअल्लाह" कोणीतरी म्हणतेच.

पहिल्या वर्षी एका मुलाने बशीएवढा डाग कंपासच्या टोकाने खरवडून रुमालात बांधला. "अम्मीच्या बिर्याणीला, सर." त्याला रागावणार तरी कसे? हा स्वयंपाकातला प्रकार नव्हे, हे सांगितले. शिवाय असा डाग वर्षाला जेमतेम एखादा मिलिमीटर पसरतो, कधी तेवढाही नाही. म्हणजे तो बहुधा माझ्याहून वयाने मोठा होता. मुलगा रुमाल हातात घेऊन उभाच राहिला. तेव्हापासून न्यायचा तो फोटोच.

पण त्यातूनच पुढचा पेच निघाला. आठवीतली एक मुलगी दुसऱ्या रविवारी आली नाही. तिच्या दादाजानना घरात तसबीर चालत नाही आणि नातीच्या हातात मोबाइल तर नाहीच. मी वाद घालायच्या तयारीने गेलो. कॅमेऱ्याच्या फोटोबद्दल उलेमांची मते वेगवेगळी आहेत, मी काही मुफ्ती नाही. तरी हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांची गोष्ट मनात घोकून ठेवली होती.

तिची गरजच पडली नाही. दादाजाननी आधी विचारले, "मास्टरसाहब, फोटो किसका निकालते?" मी दाखवले. आंब्याच्या सालीवरचे एक लायकेन होते, पांढुरक्या डागावर काळ्या वळणदार रेघा. या जातीचे शास्त्रीय नाव ग्राफिस, ग्रीक भाषेतल्या लिहिण्याच्या शब्दावरून आलेले. वृद्धांनी चष्मा कपाळावर सरकवून स्क्रीन डोळ्यांशी धरली आणि बराच वेळ बोललेच नाहीत. मला भीती वाटली की आता यात अल्लाहचे नाव शोधले जाईल आणि संध्याकाळपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर गावभर फिरेल. ते म्हणाले, "लिखावट जैसा है, लिखावट नहीं है."

मग त्यांनीच बुखारी शरीफमधली ती गोष्ट सांगितली. चित्रे काढून पोट भरणारा एक माणूस इब्ने अब्बास यांच्याकडे आला. काढायचेच असेल तर झाडांची आणि निर्जीव वस्तूंची काढ, असे त्यांनी त्याला सांगितले. नातीला परवानगी मिळाली: जुहरच्या आत घरी यायचे आणि फोटोत कुणाचा चेहरा नको. चेहऱ्याची अट मी सगळ्यांनाच लावली. खरे तर सेल्फी थांबल्याने माझाच त्रास वाचला.

खरवडलेल्या जागेचा फोटो आम्ही दरवर्षी शेजारी रुपयाचे नाणे ठेवून काढतो. यंदा तो त्याच मुलीने काढला. फिकट चट्टा नाण्याच्या मापाने अजून तेवढाच दिसतो. पहिल्या फोटोत तिचे बोट आले होते. तिने तो पुसला आणि पुन्हा गुडघ्यावर बसली.