गिरणीत टाकण्याआधी सोयाबीन शिजवा

धाराशिव जिल्ह्यात खरिपात सोयाबीन नाही असे शिवार आता क्वचितच आढळते. साहजिकच गव्हाच्या दळणात ओंजळभर सोयाबीन टाकण्याची रीत अनेक घरांत रुजली आहे. घरात वृद्ध माणसे असतील तर ‘त्यांच्या अंगी ताकद यावी’ म्हणून हे अधिक आवर्जून केले जाते. हेतू उत्तम आहे. मात्र पुष्कळदा हे सोयाबीन कच्चेच दळले जाते. मग आजोबांचे पोट फुगते, वायू धरतो, भूक मंदावते. ‘त्यांना सोयाबीन सोसत नाही’ असा निर्णय घरात होतो आणि वृद्ध माणूस पुन्हा चहात बुडवलेल्या चपातीवर येतो. वाचकहो, अशा वेळी दोष बहुधा सोयाबीनचा नसतो, त्याच्या कच्चेपणाचा असतो.

हे समजण्यासाठी प्रथिन म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. आपल्या पेशींत जनुकांचा निरोप आरएनए नावाचा रेणू घेऊन येतो. त्या निरोपाबरहुकूम वीस प्रकारची अमिनो आम्ले माळेसारखी ओवली जातात. त्या माळेला ठरावीक घडी पडली की प्रथिन कामाला लागते आणि घडी उलगडली की निकामी होते. शरीरातील असंख्य क्रिया घडविणारी विकरे, ज्यांना आपण एन्झाइम म्हणतो, तीही बहुतेक प्रथिनेच असतात. खाल्लेले वरण पचविणारे ट्रिप्सिन हे एक विकर. पेशीत तुटलेला आरएनए पुन्हा सांधणारी विकरेही असतात. म्हणजे शरीराची दुरुस्ती करणारे कारागीरसुद्धा आपल्या ताटातून आलेल्या अमिनो आम्लांतूनच घडतात.

उतारवयात स्नायू झिजतात आणि तेवढ्याच अन्नातून नवे स्नायू घडविण्याची शरीराची क्षमताही घटते. खुर्चीतून उठताना आधार लागणे, पायऱ्यांची धास्ती वाटणे, तोल जाणे या तक्रारींमागे अनेकदा हेच कारण असते. आयसीएमआरच्या 2020च्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीला वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिने हवीत. वृद्धांसाठी अनेक तज्ज्ञ 1 ते 1.2 ग्रॅम सुचवितात, म्हणजे पन्नास किलो वजनाला 50 ते 60 ग्रॅम. शंभर ग्रॅम कोरड्या डाळीत साधारण 20 ते 25 ग्रॅम प्रथिने असतात, तर सोयाबीनमध्ये सुमारे 36 ते 40 ग्रॅम. एका अंड्यातून सुमारे 6 ग्रॅम मिळतात.

पण ताटात वाढलेले प्रथिन आणि अंगी लागलेले प्रथिन यांत अंतर असते. आपल्याकडील अन्नाच्या बाबतीत या अंतराचा अभ्यास करणाऱ्यांमध्ये डॉ. कमला सोहोनी यांचे नाव आदराने घ्यावे लागते. 1911मध्ये इंदूर येथे जन्मलेल्या कमलाबाई या लेखिका दुर्गा भागवत यांच्या भगिनी. 1933मध्ये बंगळूरच्या विज्ञान संस्थेत केवळ स्त्री म्हणून त्यांना प्रवेश नाकारला गेला. त्यांनी तो आग्रहाने आणि अटी स्वीकारून मिळविला व तेथे दूध आणि कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. केंब्रिजमध्ये बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींतील सायटोक्रोम सी हे प्रथिन त्यांना आढळले. 1939मध्ये पीएच.डी. घेऊन त्या मायदेशी परतल्या. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी नीरा, ताडगूळ आणि कडधान्ये अशा सामान्यांच्या अन्नावर संशोधन केले. भारतीय अन्नपदार्थांतील ट्रिप्सिन-रोधक द्रव्ये हा त्यातलाच एक विषय होता.

हे रोधक म्हणजे वनस्पतीने आपले बी राखण्यासाठी घडविलेले कुलूप. तेही प्रथिनच. ते पोटात गेले की आतड्यातील ट्रिप्सिनला घट्ट चिकटते आणि त्याचे काम थांबविते. अन्नातील प्रथिने अर्धवट पचतात. स्वादुपिंड अधिक रस पाझरू लागते, त्यात शरीराचीच प्रथिने खर्ची पडतात. कच्च्या सोयाबीनवर उंदीर नीट वाढत नाहीत, शिजविलेल्यावर वाढतात, हे 1917मध्येच अमेरिकेतील ऑसबोर्न आणि मेंडेल यांनी दाखविले होते. ओलसर उष्णतेने या रोधकाची घडी उलगडते आणि कुलूप निकामी होते. अमिनो आम्ले मात्र शिल्लक राहतात. तव्यावरची चपाती मिनिट-दोन मिनिटांत उतरते. तेवढ्या आचेवर विसंबणे योग्य नव्हे.

म्हणून पुढील पद्धत पाळावी. सोयाबीन निवडून, धुऊन रात्रभर भिजवावे. सकाळी ते पाणी टाकून द्यावे आणि दाणे उकळत्या पाण्यात सोडून 25 ते 30 मिनिटे शिजवावेत. पाणी निथळून उन्हात खडखडीत वाळवावेत, ओल राहिल्यास बुरशी धरते. नऊ भाग गव्हाला एक भाग सोयाबीन पुरेसे होते. उकळण्याने कच्चा उग्र वासही कमी होतो, कारण तो निर्माण करणारे विकरही उष्णतेने निकामी होते. तूर, हरभरा, मटकी हीदेखील मऊ शिजवूनच वृद्धांना द्यावीत. मोड आल्याने रोधक काही अंशी कमी होतो, पूर्ण जात नाही. राजमा तर भिजवून खळखळ उकळल्याशिवाय खाऊच नये.

प्रथिने एकाच जेवणात न कोंबता तिन्ही वेळांत वाटून द्यावीत: सकाळी दूध किंवा अंडे, दुपारी घट्ट वरण, रात्री मुगाची खिचडी आणि ताक. सोबत रोज थोडे चालणे, खुर्चीतून हात न टेकता उठण्या-बसण्याचा सराव हवा. तोल जात असेल तर जवळ कोणीतरी उभे राहावे. हालचालीवाचून नुसत्या आहाराने स्नायू बळावत नाहीत.

तीन बाबतींत मात्र आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रथिनांचे प्रमाण तेच ठरवतील. थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी घ्यावी आणि सोयाबीनचे पदार्थ तिच्यापासून तीन-चार तास दूर ठेवावेत. कंपवातासाठी लेव्होडोपा घेणाऱ्यांनी गोळी आणि प्रथिनयुक्त जेवण यांच्या वेळा विचारून घ्याव्यात.

पुढचे दळण काढताना सोयाबीनचा डबा उघडाल, तेव्हा आधी चुलीवर पातेले चढवा. त्या अर्ध्या तासाच्या इंधनानेच शेतात पिकलेले प्रथिन घरातल्या थकलेल्या गुडघ्यांपर्यंत पोहोचेल.