कुलाब्याचे वीर

मुंबईची वीज तोडण्यासाठी विजेचे मनोरे पाडणारे माथेरानचे भाई कोतवाल आणि त्यांचे साथीदार हिराजी पाटील २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. दरवर्षी त्या दिवशी तिथे माणसे जमतात.

याच कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातले माणगावकडचे नाईक यशवंत घाडगे मात्र ब्रिटिशांच्याच सैन्यात होते. १० जुलै १९४४ ला इटलीत एकट्याने मशीनगनचे ठाणे जिंकून ते पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावात पुतळाही आहे.

जिवंत राहिलेल्यांचे काय? केंद्राने १९७२ मध्ये स्वातंत्र्यसैनिकांना, भूमिगतांनाही, निवृत्तिवेतन सुरू केले. पण त्याला कागदी पुरावा हवा. आणि भूमिगत माणूस कसला कागद मागे ठेवणार!

सैन्यातल्यांचे म्हणाल, तर माजी सैनिक आणि वीरपत्नींसाठी अलिबागला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. जिल्ह्यातल्या कर्जत-खालापूरकडच्या अशा लोकांनीही तिथे नाव जरूर नोंदवावे.