सोपारा-भुईगाव : सहल आणि मार्गदर्शन

अंधेरी-बोरिवलीच्या रहिवाशांना लोकलने नालासोपाऱ्यास उतरून सकाळी बौद्ध स्तूप व सायंकाळी भुईगावचा समुद्रकिनारा अशी एकदिवसीय सहल सहज करता येते. तथापि मार्गदर्शकाविना स्तूप हा केवळ विटांचा ढिगारा भासतो. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी त्याचे उत्खनन केले. त्याच वर्षी सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. नवव्याचा १९५६ मध्ये भुईगावात सापडला. पूर्वीचे राजे मृगयेसाठी विहारयात्रा करीत, अशोकाने त्याऐवजी धर्मयात्रा आरंभिल्या, हाच आठव्या लेखाचा विषय होय. हा आशय स्तूपापाशी उलगडून सांगितल्यास सहल केवळ करमणूक न राहता शूर्पारक या प्राचीन बंदराचा अभ्यास ठरते आणि अवशेषांच्या जतनाची जाणीवही निर्माण होते.